व्हायरल तापात पांढऱ्या पेशी कमी का होतात, आणि त्या वाढवायच्या मागे का लागू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १४ वर्षांच्या मुलाला चार दिवस ताप आणि अंगदुखी आहे. खानापुरात सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केली, त्यात पांढऱ्या पेशी २,८०० आल्या, प्लेटलेट १ लाख ३२ हजार. लिम्फोसाइट ५६ टक्के म्हणून त्यापुढे ‘जास्त’ अशी खूण आहे, न्यूट्रोफिल ३६ टक्के म्हणून ‘कमी’. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात असं आपण शाळेत शिकलो, मग ताप असताना त्या वाढायच्या सोडून घटल्या कशा? आणि त्या वाढवायला काय द्यायचं? शेजाऱ्यांनी पपईच्या पानांचा रस सुचवलाय आणि गावातल्या दवाखान्यात एक ‘पेशी वाढायचं’ इंजेक्शन घ्या म्हणून सांगितलंय.

आधी सरळ उत्तर देतो, कारण घरात तापाचं पोर असताना कुणाला लांबण ऐकायची नसते. विषाणूंच्या बहुतेक तापांत चौथ्या दिवशी पांढऱ्या पेशी अशा कमी दिसणं अपेक्षितच असतं. त्या संपलेल्या नाहीत. ताप उतरला की आठ-दहा दिवसांत त्या आपोआप वर येतात, त्यासाठी काही द्यावं लागत नाही. पपईचा रस राहू द्या. त्या इंजेक्शनचं मात्र नाव विचारून घ्या, आणि ते स्टेरॉइड असेल तर घेऊ नका. का ते पुढे येईलच.

आता रिपोर्ट वाचूया. मोठ्या माणसाच्या रक्तात एका घनमिलिमीटरमागे साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात, तुमच्या मुलाच्या वयाला आकडे थोडेफार तेवढेच. त्यांत न्यूट्रोफिल ४० ते ७० टक्के, लिम्फोसाइट २० ते ४० टक्के, उरलेल्यांत मोनोसाइट, इओसिनोफिल आणि नावापुरत्या बेसोफिल. ही टक्केवारीच लोकांना घाबरवते. टक्के बघू नका, गुणाकार करा. २,८०० चे ५६ टक्के म्हणजे १,५६८ लिम्फोसाइट. हा आकडा व्यवस्थित आहे, त्यात वाढलेलं काहीच नाही. न्यूट्रोफिल घटल्या म्हणून लिम्फोसाइटचा वाटा मोठा दिसतोय, आणि मशीनने डोळे मिटून ‘जास्त’ छापलंय. न्यूट्रोफिल निघतात १,००८. एरवी त्या दीड-दोन हजारांच्या वर असतात, म्हणजे कमी आहेत खऱ्या, पण चार दिवसांच्या तापात चालण्यासारख्या. त्या ५०० च्या खाली गेल्या आणि अंगात ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आणखी एक सांगून ठेवतो. ‘पेशी कमी झाल्या’ हे आपल्याकडे प्लेटलेटबद्दलही म्हणतात आणि पांढऱ्या पेशींबद्दलही. दोन्हींची कामं वेगळी, धोके वेगळे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्या डॉक्टरला फोनवर विचारताना कोणत्या पेशी ते सांगा, नाहीतर सल्ला भलत्याच गोष्टीचा मिळतो.

विषाणूला स्वतःचं असं काही बनवता येत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. म्हणून शरीराला दोन कामं करावी लागतात. बाहेर रक्तात, लाळेत, श्वासनळीत फिरणारा विषाणू अडवायचा, आणि ज्या पेशीत तो आधीच शिरलाय ती पेशी शोधून मारायची. जिवाणूंच्या बाबतीत बरंचसं काम न्यूट्रोफिल करतात, गिळतात आणि पचवतात. पेशीच्या आत दडलेल्या विषाणूपुढे तो उपाय पुरत नाही. तिथे लिम्फोसाइटच लागतात, आणि त्यांना तयार व्हायला वेळ लागतो.

पहिले दोन दिवस ती तयारी होईपर्यंत किल्ला लढवतं ते इंटरफेरॉन नावाचं रसायन. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते शोधलं. विषाणू शिरलेली पेशी मरता मरता इंटरफेरॉन सोडते, ते शेजारच्या पेशींना जाऊन चिकटतं, आणि त्या शेजारणी स्वतःची प्रथिनं बनवायची यंत्रणा मंद करतात, म्हणजे विषाणू आत आला तरी त्याचं फावत नाही. पांढऱ्या पेशींपैकी डेंड्रायटिक पेशींचा एक दुर्मिळ प्रकार तर या कामासाठीच असल्यासारखा आहे, इतर कुठल्याही पेशीपेक्षा कितीतरी पट इंटरफेरॉन तो एकटा ओततो. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी, आणि मोनोसाइट सोबत इतर रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्रावर काम करतात आणि ताप चढतो. हाडं मोडून यावीत तशी अंगदुखी, भूक मरणं, अंथरुणातून उठू नये असं वाटणं, यातला बराच भाग विषाणूने केलेला नसतो, आपल्याच पेशींनी सोडलेल्या या रसायनांचा तो परिणाम असतो.

याच सुमारास नॅचरल किलर नावाच्या लिम्फोसाइट कामाला लागतात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर एक खूण बाळगते आणि आत काय शिजतंय त्याचे तुकडे त्या खुणेत बसवून बाहेर दाखवते. काही विषाणू लबाड असतात, आपण पकडले जाऊ नये म्हणून ती खूणच पुसून टाकतात. नॅचरल किलर पेशी नेमक्या खूण नसलेल्या पेशींनाच मारतात. त्यांना आधी ओळख लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, म्हणून त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हजर असतात.

खरं निर्णायक काम टी लिम्फोसाइटचं. डेंड्रायटिक पेशी विषाणूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. मुलाच्या मानेत किंवा जांघेत तापात जी गाठ हाताला लागते, ती हीच. तिथे लाखो टी पेशी ये-जा करत असतात, पण या विशिष्ट विषाणूचा हा विशिष्ट तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात, कधी दहा लाखांत एखादीच. ती सापडली की तिचं विभाजन सुरू होतं आणि आठवड्याभरात तिच्या हजारो पटींनी प्रती तयार होतात. यांतल्या मारक टी पेशी संपूर्ण शरीरभर फिरून, खुणेत विषाणूचा तुकडा दाखवणारी प्रत्येक पेशी हुडकतात, तिला चिकटतात, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या कवचाला भोकं पाडतात आणि ग्रँझाइम नावाची मारक प्रथिनं आत सोडतात. ती पेशी स्वतःच गुपचूप मरते, आत अर्धवट तयार झालेल्या विषाणूंसकट. टी पेशी खूण आणि तुकडा दोन्ही एकत्र ओळखते, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

व्हायरल ताप पाच-सात दिवस घेतोच, तो याचमुळे. गोळी बदलून, डॉक्टर बदलून, दोन बाटल्या सलाइन जास्त लावून या पेशींचं विभाजन लवकर होत नाही. ‘तीन दिवस झाले, अजून ताप आहे, म्हणजे औषध लागू पडत नाही’ असं म्हणत लोक खानापूरहून बेळगावला आणि बेळगावहून कोल्हापूरला पळतात, आणि तिसऱ्या डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत सातवा दिवस उजाडून ताप उतरतो. श्रेय त्या तिसऱ्याला मिळतं.

बी लिम्फोसाइट अँटिबॉडी बनवतात, हे कोविडपासून सगळ्यांना ठाऊक झालंय. पण चालू तापातून बरं होण्यात टी पेशींचा वाटा मोठा आहे. ज्या मुलांना जन्मतःच अँटिबॉडी बनवता येत नाहीत, त्यांना न्यूमोनिया आणि कानाचे जिवाणूजन्य आजार वारंवार होतात, पण गोवर, कांजिण्या यांतून ती बहुधा इतर मुलांसारखीच बरी होतात. ज्यांच्यात टी पेशीच नाहीत, त्यांना मात्र साध्या कांजिण्याही जिवावर बेततात. अँटिबॉडीचं मोठं काम पुढच्या वेळचं आहे. तोच विषाणू परत आला तर पेशीत शिरायच्या आधीच त्याला धरणं.

हा दिवसांचा हिशेब तपासणी करतानाही कामाला येतो. डेंग्यूची एनएस-१ ही तपासणी विषाणूचंच प्रथिन शोधते, म्हणून ती पहिल्या पाच दिवसांत करायची. आयजीएम अँटिबॉडी साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम केली, निगेटिव्ह आली आणि ‘डेंग्यू नाही’ म्हणून घरचे निर्धास्त झाले, असं प्रत्येक पावसाळ्यात पाहतो. ज्या पेशींनी ती अँटिबॉडी बनवायची, त्यांचं विभाजनच अजून चालू असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. एवढ्या पेशी तयार होतायत, तर रिपोर्टमध्ये कमी का? माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा भरते, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक गावांत घराघराला कुलपं दिसतात. त्या दिवशी गल्लीत उभं राहून डोकी मोजली तर गाव ओस पडलं असं वाटेल, प्रत्यक्षात माणसं डोंगरावर असतात. सीबीसी म्हणजे गल्लीतली मोजणी. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी कोणत्याही क्षणी रक्तात असतात त्या जेमतेम २ टक्के. बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, आतडी, अस्थिमज्जा यांत असतात. विषाणू आला की इंटरफेरॉन लिम्फोसाइटना ग्रंथीतून बाहेर पडूच देत नाही, तिथेच थांबवून धरतं, कारण ओळख पटवायचं काम तिथे चाललेलं असतं. रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकीही बऱ्याचशा एरवी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात, त्या आपल्या सुईत येतच नाहीत. तापात आणखी काही भिंतीला लागतात.

कमी होण्याचं हे एकच कारण नाही. काही पेशी लढताना मरतात. काही विषाणू अस्थिमज्जेतलं उत्पादनच काही दिवस मंद करतात, डेंग्यू त्यांत अग्रभागी. निरोगी माणसाची मज्जा दिवसाला १०० अब्जांच्या घरात न्यूट्रोफिल बनवते आणि त्या रक्तात एक दिवसही टिकत नाहीत, तेव्हा उत्पादन दोन-तीन दिवस मंदावलं तरी आकडा लगेच घसरतो.

पण इंटरफेरॉनचा हात यात किती आहे, याचा मला पटलेला पुरावा वेगळाच आहे. हिपॅटायटिस सी साठी नव्या गोळ्या येईपर्यंत आम्ही रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत असू. त्या संध्याकाळी रुग्णाला थंडी वाजून ताप येई, अंग मोडून येई, आणि पुढच्या आठवड्यांत पांढऱ्या पेशी इतक्या खाली जात की कधी डोस कमी करावा लागे. नवा कुठलाच विषाणू आलेला नसताना, निव्वळ त्या एका रसायनाने, व्हायरल तापाचं सगळं चित्र उभं राहत असे. तुमच्या मुलाच्या अंगात तेच रसायन आज त्याचं स्वतःचं आहे.

डेंग्यूबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण २,८०० पांढऱ्या पेशी आणि १ लाख ३२ हजार प्लेटलेट अशी जोडी पावसाळ्यात दिसली की मी तोच धरून चालतो, नाही असं सिद्ध होईपर्यंत. डेंग्यूचा विषाणू मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींतच वाढतो, जे खायला आले त्यांच्यातच बिऱ्हाड करतो. त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर जुन्या अँटिबॉडी नव्या विषाणूला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्या चिकटलेल्या अँटिबॉडीला धरून मॅक्रोफेज त्याला आत घेतात आणि विषाणूला आयताच दरवाजा मिळतो. दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त वाईट होऊ शकतो, त्यामागचं हे एक मोठं कारण. मुलाला किंवा घरात कुणाला आधी डेंग्यू झाला होता का, ते डॉक्टरांना न विचारताही सांगा.

डेंग्यूत पेशींचा एक क्रम असतो. आधी पांढऱ्या पेशी घसरतात, मग प्लेटलेट. वर येताना पांढऱ्या पेशी आधी येतात, प्लेटलेट मागून. म्हणून प्लेटलेट अजून ८० हजारांवर रेंगाळत असल्या, पण पांढऱ्या पेशी २,००० वरून ३,५०० झाल्या, मूल जेवायला मागतंय, लघवी चांगली होतेय, तर मी नातेवाइकांना सांगतो की गाडी वळणावरून पुढे गेली. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, मोठ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या लिम्फोसाइट दिसतात, रिपोर्टवर ‘रिअॅक्टिव्ह’ किंवा ‘अॅटिपिकल’ असं लिहून येतं आणि घरात रडारड होते, कॅन्सर झाला म्हणून. त्या नव्याने तयार झालेल्या, कामात असलेल्या पेशी असतात. तापात दिसेनाशा झालेल्या इओसिनोफिल दोन-तीन टक्क्यांवर परतल्या की आजार ओसरतोय हे माझ्या पिढीच्या डॉक्टरांना रुग्णाकडे न बघताही कळतं.

धोक्याची वेळ मात्र लोक उलटी समजतात. ताप असतो तोवर सगळे जागतात, आणि ताप उतरला की झोपतात. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं ते बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरायच्या वेळीच, आणि पुढचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. त्या वेळी प्लेटलेटपेक्षा हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के त्याकडे, लक्ष हवं. प्लेटलेट पडतायत आणि हिमॅटोक्रिट चढतंय, तर रक्त दाटतंय आणि पाणी बाहेर चाललंय.

हा झिरपाही बराचसा आपल्याच पेशींच्या अतिरेकी प्रतिसादातून होतो. इथेच इंजेक्शनचा विषय येतो. कोविडमध्ये हे सगळ्या जगाने पाहिलं. विषाणू कमी झाल्यावरही पांढऱ्या पेशींची रसायनं फुप्फुसं जाळत राहिली, आणि तिथे डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने जीव वाचवले. पण ज्या ब्रिटिश चाचणीने २०२० मध्ये हे दाखवलं, तिचा दुसरा निष्कर्ष आपल्या गावागावांत पोहोचलाच नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांत सुमारे एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही. टी पेशी तयार होत असताना, पहिल्या आठवड्यात, साध्या तापाला स्टेरॉइड देणं म्हणजे ज्यांच्यावर मुलाची भिस्त आहे त्यांनाच दडपणं.

तरीही ते दिलं जातं, कारण दोन तासांत ताप उतरतो, अंग हलकं होतं, आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्टही सुधारलेला दिसतो. स्टेरॉइडने भिंतीला चिकटलेल्या न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात, मज्जेतल्या राखीव पेशीही बाहेर पडतात, आणि आकडा १२,००० दाखवतो. घरचे खूश होतात. प्रत्यक्षात विषाणूशी लढणाऱ्या लिम्फोसाइट त्याच रिपोर्टमध्ये खाली गेलेल्या असतात, पण ती ओळ कुणी बघत नाही. पुढचा डॉक्टर, ज्याला इंजेक्शनचं कुणी सांगितलेलं नसतं, तो १२,००० बघून जिवाणूंचा संसर्ग समजतो आणि भारी अँटिबायोटिक सुरू करतो. अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही. ही साखळी मी निपाणीच्या बाजूलाही पाहिली, बैलहोंगलच्या बाजूलाही, आणि दरवेळी जीव तुटतो. इंजेक्शन घेतलंच असेल, तर चिठ्ठी जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरला दाखवा.

पपईच्या पानांबद्दल: काही छोट्या अभ्यासांत डेंग्यूत प्लेटलेट थोड्या लवकर वर आल्याचं दिसलंय. त्याने जीव वाचतात असं दाखवता आलेलं नाही, आणि पांढऱ्या पेशींशी त्याचा संबंध नाही. तो कडू रस पिऊन मूल ओकत असेल, तर नुकसानच, कारण त्याला पाणी पोटात टिकवायचंय. किवी आणि ड्रॅगन फ्रूटवर पैसे घालवण्यापेक्षा आंबील, ताक, पेज, ओआरएस द्या. न्यूट्रोफिल खरोखर वाढवणारी इंजेक्शनं असतात, ती केमोथेरपीच्या रुग्णांसाठी. व्हायरल तापात त्यांचं काम नाही.

पांढऱ्या पेशी कमी म्हणजे व्हायरलच, असंही धरू नका. टायफॉइड हा जिवाणूंचा आजार, तरी त्यात पेशी कमी होतात आणि इओसिनोफिल दिसेनाशा होतात. आपल्या भागात टायफॉइड आहे, पण व्हायडल या रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासणीवर ठरवलेला बहुतेक टायफॉइड हा टायफॉइड नसतो. जिथे हा आजार वावरतो तिथल्या निरोगी माणसांतही व्हायडल पॉझिटिव्ह येते. शंका असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून बघायची तपासणी, पाठवा. उलट बाजूने, खानापूरच्या भातशेतीत चिखलात उतरलेल्या माणसाला ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत असह्य दुखणं आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या, तर मला लेप्टोस्पायरोसिसची आठवण येते. तो वेळेत औषधाने बरा होतो.

आणि एक विषाणू आपल्या दाराशी आहे. माकडताप, कर्नाटकात ज्याला मंगन कायिले म्हणतात, तो १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो आला, म्हणजे आपल्या घाटाच्या पायथ्याशी. गोचिडीतून पसरतो, साधारण डिसेंबर ते मेपर्यंत. त्यातही पहिल्या आठवड्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरतात, रिपोर्ट अगदी डेंग्यूसारखा दिसतो, आणि काहींना बरं वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येऊन मेंदूची लक्षणं दिसतात. आपल्याकडची माणसं काजूच्या हंगामात खाली गोव्यात मजुरीला जातात, जंगलात सरपणाला जातात. कोरड्या दिवसांत असा ताप आला तर ‘रानात गेला होता, काजूच्या बागेत होता’ हे सांगणं सीबीसीइतकंच मोलाचं आहे.

बरं झाल्यावर लिम्फोसाइटच्या बहुतेक प्रती मरतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान सगळ्या बेळगावकरांना माहीत आहे. तिथल्या संस्थेत एकेकाळी देवीची लस बनत असे. भारतातली देवी १९७५ मध्ये संपली, १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं, पण लस घेतलेल्या वृद्धांच्या रक्तात अनेक दशकांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी सापडतात. गोवराचा विषाणू नेमका या स्मृतिपेशींनाच गाठतो. गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या आधीच्या अनेक आजारांविरुद्धच्या अँटिबॉडी पुसल्या जातात, हे २०१९ मध्ये नीट मोजून दाखवलं गेलं. गोवर-रुबेलाची लस चुकवू नका असं मी इतक्या कळकळीने सांगतो ते त्यामुळे. कांजिण्यांचा विषाणू तर शरीरातून जातच नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि टी पेशी त्याला दाबून धरतात. वय झालं, मधुमेह वाढला की ती पकड सुटते आणि नागीण उठते. ती मंत्राने उतरवण्यात दोन-तीन दिवस घालवू नका. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर चांगला गुण येतो.

तुमच्या मुलासाठी आता. आज चौथा दिवस आहे, एनएस-१ आणि आयजीएम दोन्ही करून घ्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन यांतलं काहीही नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. सीबीसी हिमॅटोक्रिटसकट रोज एकदा, ताप उतरल्यावरही दोन दिवस, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, सहा तास लघवी नसणं, मूल सुस्त किंवा उगाच चिडचिडं होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्र असली तरी बेळगावला आणा, सकाळची वाट पाहू नका.

सगळं सुरळीत झालं तर तीन आठवड्यांनी एकदा सीबीसी आणि स्मिअर करा. पेशी ४,००० च्या वर आल्या असतील तर विषय संपला. तेव्हाही न्यूट्रोफिल दीड हजारांच्या खाली असतील, किंवा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही सोबत कमी असतील, वजन घटत असेल, गाठी वाढत असतील, तर रक्तविकार तज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना आजचा हा पहिला रिपोर्टही सोबत न्या.